पळसाखालची सावली

फाल्गुन लागला की आमच्या घरात एक ठराविक लगबग सुरू होते. कपाटावरचे घडीचे स्टूल खाली येते, रंगांची पेटी पुसली जाते आणि पांढऱ्या छत्रीच्या काड्या शाबूत आहेत की नाहीत हे पाहिले जाते. शाळेतली माझी ड्रॉइंग मास्तरकी संपून पुष्कळ वर्षे झाली, पण ही लगबग थांबलेली नाही. चाळीसहून अधिक वर्षे मी दर वसंतात एकाच झाडाचे चित्र काढीत आलो आहे. आज त्या झाडाविषयी, उघड्यावर बसून फुले रंगविण्याविषयी आणि एका प्रश्नाविषयी बोलायचे आहे. प्रश्न माझा नव्हे. तो एका शेतकऱ्याने विचारला, आणि त्याचे उत्तर द्यायला मला पस्तीस-छत्तीस वर्षे लागली.

नागपूरहून रामटेककडे जाणाऱ्या रस्त्यापासून जरा आत, एका शेताच्या धुऱ्यावर पळसाचे एक जुने झाड आहे. बांधाला आमच्या विदर्भात धुरा म्हणतात. १९७९ सालच्या फाल्गुनात मी पहिल्यांदा त्या झाडासमोर बसलो. पहिल्या दिवशी सूर्य पाठीशी घेऊन चित्र काढले. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी झाडाच्या पलीकडच्या बाजूला गेलो आणि सूर्याकडे तोंड करून बसलो. शेताचा मालक, माझ्याच वयाचा तरुण, दोन्ही दिवस बैल सोडून मागे येऊन उभा राहिला होता. दुसऱ्या दिवशी त्याला राहवले नाही. तो म्हणाला, "मास्तर, काल तुम्ही हे झाड लाल काढलं, आज केशरी काढून राहिले. खरं कोनतं हाय?"

मी हसून वेळ मारून नेली. "दोन्ही खरी, भाऊ," असे काहीसे म्हणालो. ते उत्तर चुकीचे नव्हते, पण ते पुस्तकातून आलेले होते.

पळसाला पाने तीन, अशी म्हण आपण सगळीकडे वापरतो. फाल्गुनात मात्र ती तीनही पाने झाडावर नसतात. वाकडी-तिकडी राखाडी खोडे, उघड्या फांद्या आणि त्यांवर फुलांचे घोस, एवढेच काय ते असते. हिरव्या रंगाचा आधार नसतो. फुलामागे थेट आकाश येते. म्हणून पळस लांबून पेटल्यासारखा दिसतो आणि म्हणूनच तो रंगवायला कठीण आहे. नुसता लाल रंग कागदावर ओतला तर कुंकवाचा डाग दिसतो, फूल दिसत नाही.

जवळ जाऊन पाहावे तर त्या आगीचे गुपित काळ्यात असते. पाकळ्यांना खालून धरणारा जो पेला, ज्याला वनस्पतिशास्त्रात निदलपुंज म्हणतात, तो पळसात मखमली आणि काळपट असतो. त्या काळ्याच्या शेजारी ठेवल्यामुळे लाल भडकतो. दुसरे असे की पाकळीच्या बाहेरच्या अंगाला रेशमासारखी बारीक लव असते. ऊन तिरपे पडले की ती लव रुपेरी चमकते आणि मूळ रंगावर राखेसारखी एक साय धरते. संस्कृतात पळसाला किंशुक म्हणतात, 'हा पोपट की काय' अशा अर्थाने. ती चोचीसारखी वाकलेली पाकळी पाहिली की नाव ठेवणाऱ्याने फूल हातात घेऊन पाहिले होते, याविषयी शंका राहत नाही.

आता कुणी विचारील की एवढे सारे पाहायचे तर फांदी तोडून घरी का आणू नये? मी तेही करून पाहिले. वर्गात मुलांसाठी एक फांदी आणून सुरईत ठेवली. खिडकीतून येणारा उजेड एका बाजूने पडला, दुसरी बाजू काळवंडली, आणि ज्या फुलाने शेत पेटविले होते ते फूल टेबलावर ओशाळून बसले. संध्याकाळपर्यंत निम्मी फुले खाली पडली. उघड्यावर फुलाला एकाच दिशेने प्रकाश मिळत नाही. सूर्य त्याला एका बाजूने प्रकाश देतो, निळे आकाश वरून आणि चहूकडून देते आणि उन्हाने तापलेली पिवळी जमीन खालून देते. झाडाखाली गळलेल्या फुलांचा सडा असेल तर खालच्या फांद्यांच्या पोटाला त्या सड्याचीही लाली चढते.

सावलीचेही असेच आहे. सावलीत सूर्याचे सरळ ऊन पोचत नाही, पण आकाशाचा उजेड पोचतो. आकाश निळे, म्हणून सावलीत निळा मिसळतो. "सावली काळी असते" असे आपण लहानपणी शिकतो आणि मग आयुष्यभर तिच्याकडे पाहत नाही. मी मुलांना सांगत असे, काळा रंग पेटीतून काढून घरी ठेवून या. त्या शेतकऱ्यालाही मी सांगितले होते की तुझ्या झाडाची सावली निळसर आहे. तो मनापासून हसला होता.

या प्रकाशाची अडचण एकच, तो थांबत नाही. आकाशात सूर्य तासाला १५ अंश सरकतो. चित्रकार एखादा घोस निरखून रंगवीपर्यंत त्याची सावली शेजारच्या फांदीवर गेलेली असते. यासाठी मी काही नियम करून घेतले. सकाळी सात ते नऊ एवढाच वेळ बसायचे. त्यानंतर ऊन डोक्यावर येऊ लागते, सावल्या आखूड होतात आणि रंग उडाल्यासारखे दिसतात. बसल्याबरोबर पहिल्या दहा मिनिटांत सावल्यांच्या कडा पेन्सिलीने बांधून टाकायच्या आणि पुढे त्या कितीही सरकल्या तरी बदलायच्या नाहीत, नाही तर एकाच चित्रात दोन सूर्य येतात. कागद उन्हात ठेवायचा नाही. उन्हात कागद दिपतो, आपण रंग गडद घालीत जातो आणि घरी आल्यावर चित्र काजळलेले दिसते. छत्री पांढरी घ्यायची, कारण रंगीत छत्री कागदालाही आपला रंग लावते.

जलरंगात पांढरा रंग म्हणजे कोरा कागद. फुलांच्या घोसांतून आकाशाचे जे कवडसे दिसतात ते आधी राखावे लागतात. मागाहून ते देता येत नाहीत. त्यातून आमचा विदर्भाचा फाल्गुन! कुंचला कागदावरून पुढे जावा तो मागचा रंग वाळून कडा धरतो. पाण्यात ग्लिसरीनचा एखादा थेंब टाकला तर थोडी सवड मिळते, पण थोडीच. म्हणून फुले एकेक करून रंगवायची नाहीत. आधी घोसाचा आकार एका ओल्या हातात, मग त्यात काळ्या पेल्यांचे मोजके ठिपके, आणि हात थांबवायचा. हात थांबविणे सर्वांत उशिरा येते.

नऊ वाजता चित्र जसे असेल तसे उचलायचे आणि मागे तारीख व वेळ लिहायची. हा शेवटचा नियम मी केवळ शिस्त म्हणून पाळीत होतो. तो पुढे किती कामी येणार आहे, याची मला तेव्हा कल्पना नव्हती.

उघड्यावर रंगविण्याची ही परंपरा आपल्याकडे नवी नाही. कोल्हापूरचे आबालाल रहिमान मुंबईच्या जे. जे. कला शाळेत शिकून आपल्या गावी परतले आणि रंकाळा, कोटितीर्थ यांच्या काठी बसून बदलत्या उजेडाची चित्रे काढीत राहिले. १९३१ साली ते वारले. युरोपात या कामाला एका साध्या वस्तूने गती दिली. जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराने १८४१ साली धातूची दाबायची नळी काढली. त्यापूर्वी तयार तैलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशव्यांत भरून ठेवीत. आता ते खिशात घालून शेतात नेता येऊ लागले. क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराने तर १८९० आणि १८९१ मध्ये धान्याच्या गंजींची सुमारे २५ चित्रे केली. गंजी त्याच, उजेड बदलला की तो हातातले चित्र बाजूला ठेवून दुसरे घेई. व्हॅन गॉग १८८८ च्या वसंतात दक्षिण फ्रान्समधील आर्ल या गावी फुललेल्या फळबागांत उभा राहिला आणि सुमारे महिनाभरात त्याने १४ चित्रे काढली. मिस्त्राल नावाचा तिथला वारा इतका जोराचा की घोडी जमिनीत खुंट्या ठोकून उभी करावी लागे. बहर चार दिवसांचा आणि वारा थांबायला तयार नाही, अशी ती घाई होती. ती घाई त्या चित्रांत आजही दिसते.

याच व्हॅन गॉगने १८९० साली रंगविलेले गुलाब आज जवळजवळ पांढरे दिसतात. मुळात ते गुलाबी होते. त्याने वापरलेला तांबडा रंग उजेडात टिकणारा नव्हता. ज्या उजेडासाठी चित्रकार धडपडतो, तोच उजेड पुढे त्याचे चित्र खातो. माझ्याही पहिल्या चित्रांतला क्रिमसन आता बराच उडाला आहे.

आता मी मूळ प्रश्नाकडे येतो.

साठी ओलांडल्यावर माझ्या चित्रांना लोक अधिक नावाजू लागले. "मास्तर, तुमच्या रंगांत आता एक ऊब आली आहे," असे म्हणत. मलाही ते पटले. वाटले, वय झाले, हात निवळला, मन निवळले, त्याची ही खूण असावी. पुढे माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. तिने हौसेने सगळे पळस कपाटातून काढले, मागची तारीख पाहून क्रमाने जमिनीवर मांडले आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग हळूच म्हणाली, "सर, तुम्हीच आम्हांला सावली निळी असते म्हणून शिकवलंत. मग ही तपकिरी कधीपासून झाली?"

मी पाहिले. २००७ च्या आसपासपर्यंत सावल्या निळ्या-जांभळ्या होत्या. पुढे दरवर्षी त्या थोड्या थोड्या मातकट होत गेल्या होत्या. २०१४ च्या चित्रात आकाशसुद्धा जुन्या कागदासारखे झाले होते. एका वर्षाचा बदल दुसऱ्या वर्षी कळण्याजोगा नव्हता. रांग लावली तेव्हाच तो दिसला.

डॉक्टरांनी डोळे तपासून सांगितले की दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे आणि तो बराच पिकला आहे. डोळ्यातले भिंग वयाने पिवळट होते आणि निळा प्रकाश अडवू लागते. मन त्या पिवळेपणाला सरावते, म्हणून माणसाला काही बिघडल्याचे कळत नाही. ज्याला मी मनाची ऊब म्हणत होतो, ती भिंगाची होती. श्रोतेहो, खोटे कशाला सांगू, त्या रात्री मला झोप आली नाही. जन्मभर मुलांना "पाहा, नीट पाहा" म्हणून सांगणारा मी. सात वर्षे मीच पाहत नव्हतो आणि शाबासकी घेत होतो.

पौषात एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्या डोळ्याची पुढे करायची ठरली. आज काढलेल्या भिंगाच्या जागी कृत्रिम भिंग बसवतात. लंडनच्या हॅरोल्ड रिडली यांनी १९४९ साली ते पहिल्यांदा बसविले. मोनेच्या काळी ही सोय नव्हती. त्याच्या मोतीबिंदूचे निदान १९१२ साली झाले. भीतीने त्याने टाळाटाळ केली आणि १९२३ साली एकाच, उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया करून घेतली. डावा डोळा त्याने शेवटपर्यंत करू दिला नाही. दृष्टी सुधारल्यावर आपलीच मधल्या काळातली काही चित्रे त्याला पाहवेनात. काही त्याने पुन्हा रंगविली, काही नष्ट केली. माझ्या बरोबरीने त्याचे नाव घ्यावे अशी माझी योग्यता नाही, पण त्याचे ते दुःख मला कळते. मीही ती सात चित्रे जाळायला काढली होती.

पण आधी झाडाकडे जाऊन यावे असे वाटले. २०१५ च्या फाल्गुनात डॉक्टरांची परवानगी घेऊन, धुळीचा चष्मा लावून मी धुऱ्यावर गेलो. ऊन कोवळे होते. चष्मा काढला आणि नव्या डोळ्याने पाहिले. कोरड्या गवतावर निळी सावली पडली होती, अगदी १९७९ सारखी. मग तो डोळा मिटून जुन्या डोळ्याने पाहिले. तीच सावली मातीची झाली आणि फुले पिकलेल्या संत्र्यासारखी झाली. पुन्हा नवा डोळा, पुन्हा जुना. झाड जागचे हलले नव्हते. मी दोन कागद शेजारी शेजारी लावले आणि त्या सकाळी दोन चित्रे काढली, एक या डोळ्याने आणि एक त्या डोळ्याने.

मागे कुणीतरी उभे होते. शेताचा मालकच. तोही आता म्हातारा झाला होता. मी वळून म्हणालो, "भाऊ, तुम्ही मला एक प्रश्न विचारला होता. खरं कोणतं, म्हणून." त्याला आठवत नव्हते. मी सांगितले तेव्हा तो जरा लाजला. मी म्हणालो, "ही दोन चित्रं पाहा. उजेड एकच, वेळ एकच, झाड एकच. फरक माझ्या डोळ्यांत आहे. दोन्ही मी जसं दिसलं तसं काढलं. पण एक झाडाबद्दल सांगतं आणि दुसरं माझ्या आजाराबद्दल. दोन्ही खरी म्हणायची, तर कोणतं कशाबद्दल खरं, हे मागे लिहून ठेवायला हवं."

त्याने दोन्ही चित्रांकडे पाहिले आणि म्हणाला, "मास्तर, मले तं दोन्ही सारखीच दिसून राहिली."

मी त्याला विचारले, "झाडाखालची सावली कशी दिसते तुम्हाला?"

"कशी म्हंजे? मातीसारखी."

मला पुढे काही विचारावे लागले नाही. अंधार पडू लागल्यावर घरी जायला त्रास होतो का, एवढेच विचारले. तो म्हणाला, होतो, पण आता वयच झाले. त्याच महिन्यात त्याला मी माझ्या डॉक्टरांकडे नेले. त्याचे दोन्ही मोतीबिंदू माझ्यापेक्षा जास्त पिकलेले होते.

पुढच्या फाल्गुनात मी स्टूल उघडून बसलो तेव्हा तो मुद्दाम लवकर आला होता. चित्राकडे न पाहता तो बराच वेळ झाडाकडे आणि जमिनीकडे पाहत राहिला. साळुंक्या फुलांत चोची घालून कलकलाट करीत होत्या. मग तो म्हणाला, "मास्तर, तुमची पहिली चित्रं मले एकदा दाखवा. तवा मी नीट पाहिली नाही."

ती सात चित्रे मी जाळली नाहीत, दुरुस्तही केली नाहीत. त्यांच्या मागे तारीख आणि वेळ होतीच. तिच्याखाली एक शब्द वाढविला, 'मोतीबिंदू'. आता ती मला खोटी वाटत नाहीत.

आपण महाराष्ट्रात असा वा नसा, वसंत आपल्या दाराशी येतोच. माळव्यात आणि झारखंडात पळस आहे, दिल्लीच्या रस्त्यांवर फेब्रुवारी-मार्चमध्ये सावर फुलते, तिला तिकडे सेमल म्हणतात. कोकणात आणि गोव्यात पांगारा आहे. चैत्र-वैशाखात बहावा पिवळे घोस सोडतो. चित्रकला येत नाही ही सबब चालणार नाही, कारण चित्र चांगले व्हावे असा माझा आग्रह नाही. शाळेतल्या मुलाची रंगपेटी आणि एक कागद घेऊन सकाळी सात वाजता एका फुललेल्या झाडासमोर तासभर बसा. सावलीचा रंग कोणता आहे हे ठरविण्याचा प्रयत्न करा. एवढ्या एका तासात आपण आपल्या डोळ्यांवर किती भरवसा ठेवीत आलो आहोत आणि त्यांना किती थोडे काम देत आलो आहोत, हे कळून येईल. पुढल्या वर्षी पुन्हा त्याच झाडाशी जा.

आणि चित्राच्या मागे तारीख व वेळ लिहायला विसरू नका.